ऱ्हस्व घुं, दीर्घ घूं

आमचे हे माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य "जरा गप्प बसा, मला ऐकू द्या" असं होतं.

तेव्हा मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका काढायचं काम करत होते. छापखाना चौथ्या मजल्यावर. एका सकाळी प्रुफांचा गठ्ठा छातीशी धरून लिफ्टमध्ये शिरले आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट बंद पडली. मी दारावर थापा मारल्या, हाका मारल्या, पाय आपटले. अर्ध्या तासाने बाहेरून कुणीतरी मला गप्प बसायला सांगितलं. अंगाचा तिळपापड झाला, पण आत अडकलेली मी होते, म्हणून बसले गप्प. बाहेरच्या माणसाने स्क्रूड्रायव्हरचं टोक दाराच्या चौकटीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाला, "मोटर ठीक आहे. ब्रेक सुटत नाहीये. पाच मिनिटं." सहाव्या मिनिटाला मी बाहेर आले.

पुढच्या महिन्यात तो माणूस ती लिफ्ट तपासायला चार वेळा आला. लिफ्टला काहीही झालेलं नव्हतं. ती ठणठणीत होती आणि कुणाला काय झालंय हे सगळ्या छापखान्याला कळलं होतं. मला जरा उशिरा कळलं, कारण मी खाली मान घालून वेलांट्या मोजत होते.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांमध्ये ह्यांना सगळे 'कानसेन' म्हणायचे. दहा मजली इमारतीच्या तळाशी उभं राहून वरच्या मोटरचं कुठलं बेअरिंग गेलंय ते हे सांगत. ही कला कामावर ठेवून घरी आले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण आम्ही कुणाकडे गेलो, की लोक पाणी आणायच्या आत हे म्हणणार, "तुमचा फ्रीज फार दिवस काढणार नाही." माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या नव्या कोऱ्या वॉशिंग मशीनला ह्यांनी पहिल्याच दिवशी दमा असल्याचं सांगितलं. जाऊबाई दोन महिने बोलल्या नाहीत. मग मशीन बंद पडलं आणि त्या आणखी दोन महिने बोलल्या नाहीत.

यंत्रांचं इतकं मन लावून ऐकणारा हा माणूस माणसाचं मात्र ऐकत नाही, हे मला लग्नानंतर समजलं. स्वेटर घाला म्हटलं, ऐकलं नाही. जिना चढताना कठड्याला धरा म्हटलं, ऐकलं नाही. छत्तीस वर्षं मी बोलत आले आणि छत्तीस वर्षं हे 'हं' म्हणत आले. खोटं कशाला बोलू, त्यांच्या बोलण्यावर माझंही साधारण तेच चालायचं. समोर प्रुफं असली की मला दुसरं काही ऐकू येत नाही.

दोन वर्षांपूर्वी हे निवृत्त झाले. पहिले काही महिने जुने सहकारी फोन करायचे, मग फोन कमी झाले, मग थांबलेच. नव्या लिफ्टमध्ये काय बिघडलंय ते लिफ्ट स्वतःच पडद्यावर लिहून दाखवते म्हणे. कुणाला ह्यांच्या कानाची गरज उरली नाही. हे तोंडाने काही बोलले नाहीत, पण घरातल्या प्रत्येक बिजागरीला तेल घालून झालं तेव्हाच मी काय ते ओळखलं.

आमची लेक जनावरांच्या दवाखान्यात काम करते आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवते. एक दातांचा डॉक्टर, एक मोटार शिकवणारी बाई आणि ही, असा तिघांचा त्यांचा संच आहे. लायब्ररीच्या वरच्या मजल्यावरच्या वाचनकक्षात त्यांचा कार्यक्रम ठरला. पहिल्यांदाच लेक तिने स्वतः बांधलेली धून एकटीने वाजवणार होती. त्या आनंदात असायचं सोडून ती तोंड पाडून घरी आली.

"बाबा, या धुनेत मी चार ठिकाणी थांबते," ती म्हणाली. "थांबणं हेच त्यातलं महत्त्वाचं आहे. पण मी थांबले की भाड्याचा ॲम्प्लिफायर बोलायला लागतो. लोकांना वाटतं कुठेतरी पंखा चालू आहे."

"मी तुला गप्प बसणारा करून देतो," हे म्हणाले.

"बाबा, कार्यक्रम दोन महिन्यांवर आलाय."

"झालं म्हणून समज. काचेच्या नळ्यांचा करतो. तुझ्या गिटारला तोच शोभेल."

काचेच्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे ते. आत एक तार तापून लाल होते आणि मग नळी कामाला लागते. तरुणपणी ह्यांनी असे दोन-तीन रेडिओ जोडले होते. गेली दोन वर्षं ज्यांना कुणी काही ऐकायला बोलावलं नव्हतं, त्यांना सख्ख्या लेकीने बोलावलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं, की माझ्या इस्त्रीच्या टेबलावर हल्ला होणार हे कळूनही मला विरोध करवेना.

हल्ला झालाच. मागच्या खोलीतल्या इस्त्रीच्या टेबलाचा कारखाना झाला आणि कपडे पलंगावर आले. व्हॉल्व्ह बसवायला ॲल्युमिनियमचा मजबूत पत्रा हवा होता. तो कुठून आला हे मला रविवारी केक करायला घेतला तेव्हा कळलं. माझ्या ट्रेला पाच गोल भोकं पडली होती.

"पत्रा चांगला आहे गं," हे कौतुकाने म्हणाले, जणू ट्रेला बढती मिळाली होती.

काम करताना ह्यांचा डावा हात खिशात असतो. आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्यात, बटण बंद केल्यावरही जीव घेईल इतकी वीज राहते. दोन्ही हात आत घातले आणि चुकून झटका बसला तर तो सरळ छातीतून जातो, म्हणून एक हात खिशात. हे मला त्यांनी समजावलं आणि मी प्रुफं बाजूला ठेवून ऐकलं, कारण यात विधवा होण्याचा प्रश्न होता. एरवी मात्र डावा हात खिशात, मान तिरकी आणि उजव्या हातात माझी विणकामाची लाकडी सुई घेऊन तारा ढोसणारे हे, तपासणीला आलेल्या साहेबासारखे दिसायचे.

तीन आठवड्यांनी यंत्र पहिल्यांदा चालू झालं. नळ्या हळूहळू लाल झाल्या, आम्ही दोघं श्वास रोखून उभे राहिलो, आणि घूंऽऽऽ असा आवाज सुरू झाला. गिटार जोडलेलीसुद्धा नव्हती. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर येऊन विचारून गेल्या, की पाण्याचा पंप तुम्ही सुरू केलाय का.

ह्यांना मुळीच वाईट वाटलं नाही. उलट चोर घरातच आहे म्हटल्यावर पोलिसाला यावा तसा त्यांना हुरूप आला. यंत्रातला आवाज म्हणे एक नसतोच. कुठला आवाज कुठून येतो हे ओळखलं, की तो घालवणं सोपं. हे सगळं ते मला सांगत होते तेव्हा मी शाळेच्या मुलांसाठीच्या शुद्धलेखनाच्या पुस्तकाची प्रुफं वाचत होते. मी तीन वेळा 'हं' म्हटलं आणि दोनदा 'असं का' म्हटलं. पुढे जे रामायण झालं त्याची सुरुवात त्या 'हं'मध्ये आहे.

मग हे यंत्र उचलून कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे दोन दिवस जाऊन बसले. त्याच्याकडे एक पडदा आहे, त्यावर आवाजाच्या लाटा दिसतात. कानसेनांना पडदा कशाला लागतो, असं माझ्या मनात येऊन गेलं. विचारलं तर म्हणाले, "आकडे लागतात." दोन दिवसांत त्यांनी पेन्सिलीने एक अख्खी वही भरली. एक-एक व्हॉल्व्ह काढून, एक-एक बटण फिरवून, काय केल्यावर कुठला आवाज राहिला आणि कुठला गेला, याची पानंच्या पानं. रेडिओवाला पुढच्या आठवड्यात दुकानाला कुलूप लावून महिनाभरासाठी मुलाकडे गेला. आता ह्यांच्याजवळ होती ती वही.

एका दुपारी हे लायब्ररीतला तो वाचनकक्ष बघायला गेले होते. वही माझ्या टेबलावर राहिली होती. मी सहज उघडली. मी सलग सहा दिवस ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत होते, हे लक्षात घ्या. माणूस सहा दिवस तांदूळ निवडत बसला, की सातव्या दिवशी त्याला पानातही खडे दिसतात. वहीत जागोजागी 'घुं' लिहिलं होतं. मधूनच कुठेतरी 'घूं'. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा उकार दीर्घ असतो, हे शाळेतल्या पोराला कळतं. या माणसाला छत्तीस वर्षं मुद्रितशोधकाशी संसार करून कळत नाही, म्हणून माझा जीव कळवळला. लाल पेन दिसलं तर चिडतात, म्हणून खोडरबर घेतलं आणि त्यांच्याच पेन्सिलीने, त्यांच्याच वळणात, एकवीस ठिकाणचे उकार दीर्घ केले. अनुस्वार ठेवावा की नाही यावर मात्र मी बराच विचार केला आणि ठेवला. 'कन्डेनसर' होतं ते 'कंडेन्सर' केलं. वही होती तिथे ठेवली आणि एक सत्कृत्य केल्याच्या समाधानात चहा केला.

त्यानंतर तीन आठवडे ह्यांनी व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारांचा पिच्छा पुरवला. त्या तारा काढल्या, त्यांना वेणीसारखा पीळ घातला, परत जोडल्या. घूं तशीच. मग आणखी घट्ट पीळ. मग तारा पत्र्याच्या कडेने नेल्या, मग वरून नेल्या. घूं जागची हलेना. हे वही उघडून बघत, मान हलवत आणि पुन्हा त्याच तारांना जाऊन भिडत. जेवताना बोलणं बंद झालं. मी समजूत घालायला गेले, तर म्हणाले, "वहीत स्पष्ट लिहिलंय, इथेच आहे म्हणून." वहीत लिहिलं होतं खरंच आणि ते किती शुद्ध लिहिलं होतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

कार्यक्रम रविवारी पाच वाजता होता. शुक्रवारी सकाळी लेक दवाखान्यात जाता जाता आली. यंत्र चालू होतं आणि आपली घूं करत बसलं होतं.

"बाबा, आज नाही झालं तर मी भाड्याचाच सांगून टाकते," ती म्हणाली. तिने ते फार जपून म्हटलं, आणि त्यामुळेच ते ह्यांना जास्त लागलं असावं.

"पन्नासची आहे," हे म्हणाले. "तापवायच्या तारांची. जाते आता."

"वही बघू." तिने वही घेऊन पहिलंच पान उघडलं. त्या पानावर खुणांचे अर्थ होते आणि ते ह्यांना पाठ होते, त्यामुळे त्यांनी ते पुन्हा कधी उघडलं नव्हतं. ती मोठ्याने वाचायला लागली. "घूं, म्हणजे शंभरची. सेकंदाला शंभर हेलकावे. मोठा कंडेन्सर किंवा त्याची अर्थिंगची तार. घूं, म्हणजे पन्नासची. तापवायच्या तारा." ती थांबली. "बाबा, हे काय? शंभरचीही घूं आणि पन्नासचीही घूंच?"

"पहिली ऱ्हस्व आहे," हे म्हणाले. "शंभरची आखूड, करकरीत, म्हणून ऱ्हस्व. पन्नासची जाड, लांब, म्हणून दीर्घ. तुझ्या आईला समजावून सांगितलंय मी."

"इथे दोन्ही दीर्घ आहेत."

मी दारात चहाचे कप घेऊन उभी होते. ह्यांनी वही ओढून घेतली, चष्मा वर केला, पान डोळ्यांशी नेलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मी सुधारलं," मी म्हणाले. "एकवीस ठिकाणी."

लेक हसत हसत खुर्चीत कोसळली. "आई, तू बाबांचा ॲम्प्लिफायर शुद्ध केलास," असं म्हणून पुन्हा हसली. मलाही हसू यायला लागलं होतं. तेवढ्यात ती डोळे पुसत म्हणाली, "पण बाबा, वही गेली खड्ड्यात. ही नुसती ऐकली तरी सरळ शंभरची आहे. केवढी करकरतेय. तुम्हाला कशी..."

ती तिथेच थांबली. खोलीत फक्त यंत्राचा आवाज राहिला. हे वहीत बघत होते आणि वहीत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. लेकीने माझ्याकडे पाहिलं, चहा न घेता पिशवी उचलली, "संध्याकाळी येते" म्हणाली आणि गेली.

मी स्टुलावर त्यांच्यासमोर बसले. त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मला दोन्ही सारख्याच ऐकू येतात. सगळंच दीर्घ."

"केव्हापासून?"

"निवृत्तीच्या आधीपासून. शेवटचं वर्ष मी हाताने काढलं. तळहात दाराला लावला की थरथर कळते. स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचो तो लोकांना सवय होती म्हणून."

"आणि हे वहीतलं?"

"पडद्यावरचे उंचवटे मोजून लिहिलं."

मला आधी राग आला. इतकी मोठी गोष्ट या माणसाने माझ्यापासून लपवली. मग त्या रागाच्या मागून लाज आली आणि ती रागापेक्षा मोठी होती. लोकांच्या चुका हुडकण्यावर माझं पोट चाललं आणि माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसाचा कान जातोय हे मला तीन वर्षं दिसलं नाही. ऐकत नाही, ऐकत नाही म्हणून मी रोज भांडत होते, आणि त्यातलं निम्मं त्यांना ऐकूच येत नव्हतं. उरलेलं निम्मं ते पहिल्यापासून ऐकत नव्हते, ते सोडा.

"तिला सांग भाड्याचा आण म्हणून," हे म्हणाले आणि बटण बंद करायला हात पुढे केला. "माझ्याच्याने होणार नाही हे. कान नाही तर मी कसला कानसेन."

"राहू दे चालू," मी म्हणाले. "मला ऐकू येतंय की."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"यातलं नाही कळत. ऱ्हस्व आणि दीर्घ कळतं. उभा जन्म त्यात गेलाय." मी डोळे मिटले आणि नीट ऐकलं. खरं सांगते, गेला दीड महिना तो आवाज माझ्या डोक्यावर नाचत होता, पण त्या क्षणापर्यंत मी तो एकदाही ऐकला नव्हता. तो जाड नव्हता. त्याला एक करकरीत कड होती. "ऱ्हस्व," मी म्हणाले. "शंभर टक्के ऱ्हस्व."

हे माझ्याकडे पाहत राहिले. मग डावा हात खिशात घातला आणि लाकडी सुई उचलली.

ते एक-एक तार सुईने हलवायचे आणि मी सांगायचे. पहिला अर्धा तास नुसता गोंधळ. मी म्हणायचे, "जरा कमी झाली." ते विचारायचे, "जरा म्हणजे किती?" आता आवाज कमी झाला तो किती, हे कुठल्या पट्टीने मोजायचं? शेवटी माझ्या धंद्यातली मापं काढली. किंचित कमी म्हणजे स्वल्पविराम. बऱ्यापैकी कमी म्हणजे अर्धविराम. साफ गेली तर पूर्णविराम. ह्यांनी ते निमूट मान्य केलं. छत्तीस वर्षांत मी म्हणेन ते हा माणूस एका झटक्यात करतोय, हे दृश्य मी पहिल्यांदाच पाहत होते. 'डावीकडे' म्हटलं की सुई डावीकडे. 'मागे घ्या' म्हटलं की मागे. मला ते इतकं आवडलं, की गरज नसताना मी दोन-तीनदा त्यांना मागे जायला लावलं.

मोठ्या कंडेन्सरची एक काळी तार होती. ती सुईने दाबली तेव्हा घुं एकदम वाढली आणि सोडली तेव्हा कमी झाली.

"तीच," मी म्हणाले. "उद्गारचिन्ह."

ह्यांनी वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. गिटारची पिन जिथे बसते तिथेच त्यांनी ती काळी तार जोडली होती, कारण तिथे जागा रिकामी होती. कंडेन्सरमधली सगळी थरथर त्या वाटेने गिटारच्या आवाजात शिरत होती आणि पुढे पाचपट मोठी होऊन बाहेर पडत होती. बटण बंद केलं. कंडेन्सर रिकामा होईपर्यंत थांबलो. ह्यांनी ती तार सोडवली आणि यंत्राच्या दुसऱ्या टोकाला, जिथून वीज आत येते तिथे, डाग देऊन पक्की केली. परत बटण लावलं. नळ्या लाल झाल्या. हे यंत्राकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

मी ऐकलं. पुन्हा ऐकलं. "पूर्णविराम," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. ऱ्हस्वही नाही आणि दीर्घही नाही."

"आणि सूं? वाफेसारखी, बारीक?"

"रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात ते काही कळत नाही."

"मग लायब्ररीत कळेल," हे म्हणाले आणि तिथेच जमिनीवर बसले. मला वाटलं दमले. मग खांदे हलताना दिसले. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि आम्ही दोघं काहीच न करणाऱ्या त्या यंत्राकडे बघत राहिलो.

संध्याकाळी लेक आली, गिटार जोडली, दोन सूर वाजवले आणि मध्ये थांबली. मग बापाच्या गळ्यात पडली. ह्यांनी सांगून टाकलं, "माझा कान आता तुझ्या आईकडे आहे." सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं तिथल्या तिथे ठरलं. हे कुरकुरले, की म्हणजे आता माझ्या कानातही ॲम्प्लिफायर बसवणार. लेक म्हणाली, "तो मात्र तुम्ही घरी बनवू नका."

रविवारी वाचनकक्ष भरला होता. पुस्तकांची कपाटं भिंतीला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. दातांचा डॉक्टर आणि मोटार शिकवणाऱ्या बाई आपापलं वाजवून बाजूला झाले आणि लेक एकटी पुढे आली. तिच्या मागे माझा केकचा ट्रे लाल उजेडात बसला होता.

तिने वाजवायला सुरुवात केली. ती धून चांगली आहे की नाही हे मला सांगता येणार नाही, मी तिची आई आहे. एका जागी ती वर वर चढत गेली आणि थांबली. कक्षातली माणसंही तिच्याबरोबर थांबली. कुणी खोकलंसुद्धा नाही.

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कानाला तिथे नुसती शांतता होती. ती खरी आहे का, हे मी सांगायचं होतं.

मी कान दिला. घुं नव्हती. घूं नव्हती. पण त्या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, एक बारीक सूं होती. ह्यांच्या डोळ्यांत दोन महिन्यांचे कष्ट होते, पुन्हा पुन्हा पीळ घातलेल्या तारा होत्या आणि भीती होती. हसून मान हलवली की झालं, असं मला फार वाटलं. कुणाला कळणार होतं? त्यांना तर कळणारच नव्हतं. मान हलवायला मी हनुवटी उचललीसुद्धा होती. तेवढ्यात पुढे लेकीने बोट तारेवर ठेवलं. थांबणं संपत आलं होतं. काय सुचलं कोण जाणे, मी हात वर केला आणि अंगठा नि बोट यांच्यात केसाएवढी फट ठेवून त्यांना दाखवली. एवढीशी आहे.

ह्यांनी त्या फटीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला, की मी चक्रावले. लेक पुढे वाजवायला लागली. उरलेल्या तीन थांबण्यांना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. डोळे मिटून, पाय लांब करून, तीन वर्षांत बसले नव्हते इतके निवांत बसून राहिले.

टाळ्या संपल्यावर मी विचारलं, "सूं राहिली तरी एवढे खूश?"

"ती राहतेच," हे म्हणाले. "व्हॉल्व्ह तापला, की तेवढी सूं असणारच. ती आजवर कुणाला घालवता आलेली नाही. तू 'काहीच आवाज नाही' म्हणाली असतीस, तर मला कळलं असतं की माझं मन राखतेयस. मग मी यापुढे कुणाला विचारायचं होतं?"

मी त्यांचा स्वेटर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मुकाट्याने घातला. खोटं बोलायच्या मी किती जवळ गेले होते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.